गल्ल्यावरच्या माणसाचा अधिकार

बेळगावात कॉलेज रोडला किंवा खानापूर रोडला एखाद्या मोठ्या साखळी-उपाहारगृहाची शाखा उघडली, की गावात दोन प्रकारची बोलणी सुरू होतात. तरुण मंडळी म्हणतात की आता कुठे बेळगाव शहर वाटू लागले. जुनी मंडळी म्हणतात की आता आपली हॉटेले संपली. पहिल्या म्हणण्यात पुण्या-बेंगळुरूकडून उसनी आणलेली ऐट आहे आणि दुसऱ्यात हॉटेलांपेक्षा स्वतःच्या तरुणपणाविषयीची हळहळ अधिक आहे. शहराला गल्लीतले हॉटेल नेमके कशासाठी लागते आणि ते बंद पडते तेव्हा कोणामुळे पडते, हे दोन्ही पक्ष विचारत नाहीत. माझे मत असे आहे की चालते हॉटेल पिझ्झ्यापुढे क्वचितच हरते. ते जागेपुढे हरते. आणि ते हरले की चवीपेक्षा मोठी गोष्ट शहराच्या हातून जाते, ती म्हणजे आपल्या गावात आज काय शिजावे हे गावातच ठरवण्याचा अधिकार.

हे म्हणताना ‘मूळचे’ आणि ‘बाहेरचे’ असा वाद मला घालायचा नाही, कारण तो बेळगावात टिकतच नाही. ज्या इडली-डोशावर आपण लहानाचे मोठे झालो, तो दक्षिण कन्नडातून आलेल्या उडपी हॉटेलवाल्यांनी इथे रुजवला. ज्या कुंद्याचे डबे पाहुण्यांच्या हाती देऊन आपण बेळगावचा मान मिरवतो, त्याची सुरुवात राजस्थानातून आलेल्या पुरोहित मिठाईवाल्यांशी जोडली जाते (चुलीवर दूध आटत राहिल्याची जी गोष्ट सांगतात, ती प्रत्येक दुकानात थोडी वेगळी असते). मिसळीचा कट कोल्हापूरकडून आला, आणि ज्वारीची भाकरी, झुणक्याच्या वड्या, शेंगदाण्याची चटणी, भरली वांगी असे भरगच्च ताट वाढणाऱ्या लिंगायत खानावळी हुबळी-धारवाडच्या वाटेने आल्या. मालकाच्या जन्मगावावरून किंवा मातृभाषेवरून हॉटेल आपले की परके हे ठरवू लागलो, तर निम्मे बेळगाव परके ठरेल. शिवाय या सीमाभागात असली मोजणी एकदा सुरू झाली की ती ताटावर थांबत नाही, दुकानाच्या पाटीपर्यंत जाते, हे १९५६ पासून आपण पाहत आलो आहोत.

त्यामुळे माझी कसोटी वेगळी आहे. गल्ल्यावर बसलेला माणूस उद्याचा पदार्थ बदलू शकतो का? बदलू शकत असेल तर ते हॉटेल इथले. मग मालक कुंदापूरचा असो, बिकानेरचा असो की उचगावचा.

शहापुरात विणकरांच्या वस्तीलगत एक हॉटेल आहे. मागावर लवकर जाणाऱ्यांसाठी ते पहाटेच उघडते. सनमायकाची चार-सहा टेबले, काचेच्या कपाटात शिरा आणि मिरची भजी, भिंतीवर गणपती, बसवेश्वर आणि शिवाजी महाराज शेजारी-शेजारी. मालक भाजी मार्केटात स्वतः जातात. ढबू मिरची स्वस्त पडली की त्या दिवशी भाजीत ढबू असते. कोथिंबीर कडाडली की मिसळीवरची हिरवळ विरळ होते आणि कांदा वाढतो. पुरी-भाजी संपली की गल्ल्यावरूनच आवाज येतो, “उप्पीट गरम आहे, देऊ काय?” दोघांत एक कॉफी हवी असेल तर ‘बाय टू’ म्हटले की दोन छोटे पेले येतात आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही. एखादा विणकर नाष्टा करून पैसे न देताच उठतो आणि मालक वहीत आकडा टाकतात. सुताचे पैसे आले की तो फेडणार, हे दोघांनाही ठाऊक असते. ही वही म्हणजे परोपकार नव्हे. तो धंदाच आहे, पण गिऱ्हाइकाची मिळकत कधी येते आणि कधी आटते याची माहिती असल्याशिवाय तो करता येत नाही.

साखळी-उपाहारगृहाच्या शाखेत हा अधिकार कोणालाच नसतो. डॉमिनोज चालवणाऱ्या कंपनीचे मुख्यालय नोएडात आहे आणि तिची देशभरात दोन हजारांहून अधिक दुकाने आहेत. पश्चिम आणि दक्षिण भारतातील मॅकडोनाल्ड्स चालवणारी कंपनी मुंबईची. शाखेचा व्यवस्थापक कितीही हुशार असला तरी आज मार्केटात काय आले आहे याचा त्याच्या कामाशी संबंध नसतो. त्याला वेळापत्रक, वजन आणि तापमान सांभाळायचे असते. यात त्याचा दोष नाही, कारण सगळीकडे तीच वस्तू मिळेल हेच तर साखळीचे वचन असते.

या वचनाची आपल्या भागाला पडणारी किंमत बटाट्यात दिसते. बेळगाव तालुका बटाटा आणि रताळी पिकवणारा तालुका आहे. गोव्याच्या भाजीपाल्याचा मोठा वाटा इथूनच घाट उतरून जातो. बेळगावहून गाड्या गेल्या नाहीत तर पणजीच्या बाजारात लगेच बोंब होते. तरीही बेळगावकर ज्या फ्रेंच फ्राइज खातो, त्यांतला बटाटा बहुधा उत्तर गुजरातेतला असतो. मेहसाणा येथे गोठवलेल्या फ्राइज बनवणाऱ्या मॅककेन कंपनीचा मोठा कारखाना आहे, बनासकांठासारख्या जिल्ह्यांतले शेतकरी करारावर त्यासाठी ठरावीक वाण पिकवतात, आणि कापून, अर्धवट तळून, गोठवलेला माल थंड गाड्यांतून देशभर जातो. यामागे कारस्थान काही नाही. फ्राइजला लांबट, कोरडा आणि कमी साखरेचा बटाटा लागतो. पावसाळ्यात येणारा, पाणी जास्त असलेला आपला बटाटा त्या कामाचा नाही. पण भजी, पातळ भाजी, डोशातला पल्ल्या (बटाट्याची सुकी भाजी) यांना तो उत्तम चालतो. गल्लीतले हॉटेल जसा बटाटा पिकतो तसा पदार्थ करते. साखळी आपल्या पदार्थाला हवा तसा बटाटा पिकवून घेते. हिंडलग्याच्या किंवा कडोलीच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने या दोन वागण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इथपर्यंत वाचून जुन्या मंडळींना आनंद होत असेल, तर पुढचेही ऐकावे. साखळीने बेळगावला असे काही दिले आहे जे आपल्या हॉटेलांनी वर्षानुवर्षे दिले नाही. पहिली गोष्ट स्वच्छतागृह. शहरात खरेदीला आलेल्या बाईने, आणि ती कंग्राळी-येळ्ळूरहून दिवसभरासाठी आलेली असेल तर विशेषच, कुठे जायचे याचे उत्तर आपल्या बहुतेक हॉटेलांपाशी नव्हते आणि आजही नाही. तिच्यासाठी ‘फॅमिली रूम’ नावाची, पडदा लावलेली, पंखा कुरकुरणारी खोली असे. ती सोय कमी आणि बंदोबस्त जास्त. दोन मैत्रिणींनी तासभर बोलत बसावे आणि वेटरने फडके घेऊन तीनदा टेबलाभोवती फिरू नये, हे सुख मुलींना पहिल्यांदा मिळाले ते चकचकीत काचेमागे. त्या महाग कॉफीत जागेचे भाडे आणि निर्वेधपणाची किंमत होती, आणि ती देण्याजोगी होती.

दुसरी गोष्ट नोकरीची. साखळीच्या काउंटरवर टोपी घालून उभी असलेली मुलगी आसपासच्याच एखाद्या गावची असते. तिला पगाराची पावती मिळते आणि भविष्य निर्वाह निधीचा हप्ता जातो. या निधीचा कायदा साधारणपणे वीस किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होतो, म्हणजे बहुतेक गल्लीतली हॉटेले त्यातून आपोआप सुटतात. खानावळीच्या मागच्या अंगाला धुरात बसून शेकडो भाकऱ्या थापणाऱ्या बाईचे हात थकले की तिला हिशेबाची पावती नसते. तिच्या भाकरीची स्तुती करणाऱ्या लेखांत तिच्या मजुरीविषयी क्वचितच काही लिहिलेले असते.

तिसरी गोष्ट अधिक जुनी आणि अधिक बोचरी. सार्वजनिक उपाहारगृहांत धर्म, जात, लिंग यांवरून प्रवेश नाकारता येणार नाही असे संविधानाच्या कलम १५ मध्ये स्वतंत्रपणे लिहावे लागले, कारण आपल्याकडची हॉटेले तो नाकारत होती. वेगळ्या कपबशीची आठवण सांगणारी माणसे अजून हयात आहेत. ज्याच्या आजोबांना हॉटेलच्या पायरीवर चहा मिळाला, त्याला ‘पूर्वीची ती आपुलकी’ हे शब्द कसे ऐकू येत असतील याचा विचार पूर्वीच्या हॉटेलांचे गोडवे गाणाऱ्यांनी करावा. साखळीच्या यंत्राला माणसाचे आडनाव कळत नाही, आणि काही जणांना त्या न कळण्याचाच आधार वाटतो.

स्वच्छतेबाबतही आपली बाजू लंगडी आहे. मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियन आणि कॉटन कँडीमधील कृत्रिम रंगांवर बंदी घातली, ती तपासणीत घातक रंग सापडल्यामुळे. तळणीचे तेल किती वेळा वापरावे याला २०१८ पासून मर्यादा आहे: तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात वाढणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल टाकून द्यायचे. संध्याकाळच्या भजीच्या कढईत ही मोजणी कोण करते? साखळीत ती होते, कारण तिथे मोजण्यासाठी माणूस, उपकरण आणि चुकल्यास जाब विचारणारा वरिष्ठ असतो. आपल्याकडे मोजमाप म्हणजे तेलाचा रंग आणि मालकाची सदसद्‌विवेकबुद्धी. यातली पहिली वस्तू तरी डोळ्यांना दिसते.

असे असूनही ही हॉटेले चालतात. सकाळी नऊ वाजता खडे बाजाराच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत उभे राहून पाहावे. बाकावर जागा नसते. गिऱ्हाइकाने पाठ फिरवली म्हणून हॉटेल बंद पडले असे मला फारसे दिसलेले नाही. मोठ्या शहरांचा अनुभवही हेच सांगतो. बेंगळुरूच्या एम. जी. रोडवरचे इंडियन कॉफी हाउस २००९ मध्ये गेले ते गर्दी आटल्यामुळे नाही, तर जागेचा करार संपला म्हणून. ते पुढे चर्च स्ट्रीटवर हलले. मल्लेश्वरमचे न्यू कृष्णा भवन सुमारे सात दशके चालून डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाले, तेव्हा शेवटच्या दिवसांत तिथे रांगा होत्या. मुंबईत जहांगीर कलादालनातले समोवार हे उपाहारगृह २०१५ मध्ये जागेवरूनच उठले. तिन्ही ठिकाणी चहा-कॉफीला मागणी होती आणि जागेला तिच्याहून मोठी मागणी होती.

बेळगावात ही गोष्ट आणखी सोपी आहे, कारण भाडेकरूच्या बाजूने कायदा जवळजवळ नाहीच. कर्नाटकाच्या १९९९ च्या भाडे कायद्याचे संरक्षण व्यापारी वापराच्या जागेला फक्त १४ चौरस मीटरपर्यंतच मिळते. १४ चौरस मीटर म्हणजे सुमारे दीडशे चौरस फूट. तेवढ्यात पानपट्टी बसते, झेरॉक्सचे दुकान बसते. चूल, मोरी, धान्याची कोठी आणि चार टेबले बसत नाहीत. म्हणजे कायद्याच्या लेखी पानवाला संरक्षणास पात्र आणि हॉटेलवाला मालकाच्या मर्जीवर. करार अकरा महिन्यांचा. मालकाची मुले पुण्यात किंवा परदेशात. त्यांना गल्लीतल्या इमारतीचे काय करायचे हे एका दूरध्वनीत ठरते. अशा वेळी दहा-पंधरा वर्षांची हमी आणि आगाऊ रक्कम घेऊन कोणी कंपनी पुढे आली, तर ती पिझ्झा विकते की मोबाइल, याच्याशी जागामालकाला कर्तव्य नसते.

त्यात शहराच्या सुधारणेची भर. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत बेळगावचे नाव आले आणि पुढची काही वर्षे रस्ते खणलेलेच राहिले. हॉटेलसमोर सहा महिने खड्डा असला की साखळीची शाखा तो तोटा इतर शहरांतल्या शाखांवर पसरवते. गल्लीतल्या हॉटेलवाल्याला तो तोटा एकाच गल्ल्यातून भरायचा असतो. बंद, मोर्चा, सीमाप्रश्नावरून तापलेले दिवस यांचेही तसेच. फलकांवर साठ टक्के कन्नड असावे हा २०२४ चा नियम आला, तेव्हा कंपन्यांनी एका आदेशात राज्यभरचे फलक बदलले. मराठी पाटीवर उभ्या असलेल्या छोट्या दुकानदाराला मात्र रंगाऱ्याच्या खर्चाबरोबर दोन्हीकडच्या लोकांचे बोलणेही सोसावे लागले. आत मात्र तोच माणूस एका टेबलाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडात आणि तिसऱ्याशी दख्खनी उर्दूत बोलतो. या शहरात तीन भाषांचे लोक रोज एकमेकांच्या शेजारी बसून खातात ते या हॉटेलांतच. कोणत्याही सलोखा समितीने एवढे काम केलेले नाही.

घरपोच डब्याच्या ॲपची गोष्ट मी थोडक्यातच सांगतो, कारण ती देशभर सारखीच आहे. दर पदार्थामागे पंधरापासून तीस टक्क्यांपर्यंत कमिशन कापले जाते अशी हॉटेलवाल्यांची तक्रार असते. त्यांच्या राष्ट्रीय संघटनेच्या तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये स्विगी आणि झोमॅटोच्या चौकशीचा आदेश दिला होता. साखळ्या या ॲपशी एकगठ्ठा सौदा करू शकतात. चाळीस रुपयांच्या मिसळीला ते कमिशन परवडत नाही. मग मिसळ ॲपवर साठची होते, किंवा तिच्यातली फरसाण कमी होते.

यावर काही जण बहिष्काराचा उपाय सुचवतात. कर्नाटकाने तोही पाहिला आहे. १९९५ मध्ये केंटकी फ्राइड चिकनचे देशातले पहिले दुकान बेंगळुरूत उघडले आणि जानेवारी १९९६ मध्ये प्रा. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघ या शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी त्यावर हल्ला केला. शेतकऱ्याचे अन्न कोण ठरवणार, हा त्यांचा प्रश्न रास्तच होता आणि आजही तो शिळा झालेला नाही. पण काचा फोडून एकही खानावळ जगली नाही. साखळ्या काही अमर नसतात, हेही त्यानंतर दिसले. चिकमगळुरूच्या कॉफीवर उभी राहिलेली, आपल्याच राज्यातली कॅफे कॉफी डे १९९६ मध्ये सुरू झाली, देशभर पसरली आणि २०१९ नंतर कर्जापायी तिची शेकडो दुकाने मिटली. ज्या गावांतली शाखा चांगली चालत होती तीही मिटली, कारण निर्णय गावात नव्हता.

मला बेंगळुरूचेच दुसरे उदाहरण अधिक उपयोगी वाटते. १९८० च्या दशकात तिथे ‘दर्शिनी’ रुजल्या: लहान जागा, समोर दिसणारे स्वयंपाकघर, आधी पैसे देऊन कुपन, उभ्याने खाणे, भराभर हालणारी गर्दी. भाडे वाढले तर जागा कमी करून गिऱ्हाईक वाढवावे, हा तो हिशेब. साखळ्यांची शिस्त त्यांनी उचलली आणि मालकी मात्र सुटीसुटी राहिली. बेळगावच्या हॉटेलवाल्यांनी यातले उघडे स्वयंपाकघर आणि ठरलेली दरपाटी तरी आजच उचलायला हरकत नाही. उभ्याने खाणे मात्र मी उचलू नये म्हणेन, कारण आपल्याकडे म्हाताऱ्यांची सकाळची बैठक हॉटेलातच भरते आणि ती उभ्याने भरत नाही. इंडियन कॉफी हाउस तर १९५७ पासून कामगारांच्या सहकारी संस्था चालवतात. सहकारी पतपेढ्या आणि दूध सोसायट्यांनी भरलेल्या या जिल्ह्यात हॉटेल-कामगारांची एखादी सोसायटी का निघू नये, याचे समाधानकारक उत्तर मला अद्याप कोणी दिलेले नाही. मालकाची मुले बेंगळुरूला संगणकावर बसली आहेत आणि वीस वर्षे भट्टीपुढे उभा असलेला आचारी तिथेच आहे, अशी हॉटेले शहरात थोडी नाहीत. पाककृती त्या आचाऱ्याच्या हातात आहेत. भांडवल आणि जागेचा करार त्याच्या नावावर होऊ शकत नाही एवढाच प्रश्न आहे, आणि तो पतपेढीने सोडवण्यासारखा आहे.

जागेचा प्रश्न मात्र महापालिकेशिवाय सुटणार नाही. पालिकेच्या मालकीचे गाळे सर्वांत जास्त बोली देणाऱ्याला देण्याची जी पद्धत आहे, तिच्यात हॉटेलसाठी काही गाळे वेगळे काढता येतील: मुदत किमान दहा वर्षांची, भाडे उलाढालीशी जोडलेले, आणि बदल्यात अट अशी की स्त्रियांसाठी स्वच्छतागृह उघडे ठेवावे लागेल, येणारी बाई गिऱ्हाईक असो वा नसो. तेलाची तपासणी करणारे साधे उपकरण पालिकेच्या आरोग्य विभागाने फिरवावे आणि पहिल्या खेपेला दंडाऐवजी समज द्यावी. साखळ्यांना या गाळ्यांत येऊ द्यायचे की नाही हे ठरवायलाही सोपे आहे. दहा किंवा अधिक ठिकाणी शाखा असलेल्यांना पदार्थाचे उष्मांक लिहिण्याची सक्ती अन्नसुरक्षा नियमांत आहेच, म्हणजे साखळी कोणाला म्हणायचे ही रेघ सरकारने आधीच ओढून ठेवली आहे. बाकी शहरात त्यांनी हवे तिथे खुशाल दुकान थाटावे.

हा ठराव मांडायला कोणाला बेंगळुरूच्या किंवा मुंबईच्या परवानगीची वाट पाहावी लागेल असे दिसत नाही. सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात २००४ पासून आहे आणि तो लागेल तेव्हा लागेल. गाळ्यांच्या लिलावाच्या अटींचा ठराव मांडणे ५८ प्रभागांच्या नगरसेवकांच्या हातात आहे, आणि त्यांतले कित्येक जण लोकांची गाऱ्हाणी ऐकायला सकाळी अशाच एखाद्या हॉटेलात बसलेले असतात.